तळे ते कडा, एक प्रहर

त्या मुलखात दोनच वस्त्या होत्या. एकीजवळ पाणी होते आणि दुसरीजवळ आसरा. पाणी होते त्या वस्तीला तळे म्हणत. तिथे कोल्ह्यांचा आणि मुंगसांचा असा सुळसुळाट होता की संध्याकाळी घातलेल्या अंड्याची सकाळी टरफलेच मिळत. आसरा होता त्या वस्तीला कडा म्हणत. त्याच्या कपारींत चार पायांचे कोणतेही जनावर चढू शकत नसे, पण तिथे प्यायला थेंब नव्हता. दोहोंच्या मधे खारवट माळ पसरला होता. त्यावर झाड नव्हते, सावली नव्हती, आणि दमलेल्या पाखराने तिथे पाय टेकले तर मीठ त्याच्या पायांची कातडी सोलून काढी.

म्हणून मुलखातली सगळी पाखरे पिल्ले कड्यावर वाढवत आणि पाणी तळ्यावरून मागवत. पाणी आणण्याचे काम पखुर्ड्यांचे होते. पखुर्डे मातीच्या रंगाचे, अंगाने भरलेले, फारसे न बोलणारे. त्यांच्या छातीची पिसे पाण्यात भिजवली की कापसासारखी पाणी धरून ठेवत. तेवढे पाणी घेऊन ते माळ ओलांडत, आणि कड्यावर पिल्ले त्यांच्या छातीशी चोची घासून पीत. पहिले ऊन पडल्याशिवाय तळ्यावरचे कोल्हे हटत नसत, त्यामुळे सगळे पखुर्डे रोज सूर्य उगवतानाच निघत. किती वेळात पोहोचायचे, हे कुणी ठरवले नव्हते. पखुर्डा आला की पाण्याची वेळ झाली, असे कड्यावर म्हणत.

पुढे कड्यावर ससाण्याचे राज्य आले. ससाणा आळशी नव्हता. गादीवर बसल्यावर चौथ्याच दिवशी तो स्वतः तळ्यावर गेला आणि सूर्य उगवताना तिथून परत निघाला. त्या दिवसांत वारा तळ्याकडून कड्याकडे वाहत होता. असा वारा वर्षातून आठ-दहा दिवसच असतो. ससाण्याच्या पंजात काही नव्हते आणि छाती कोरडी होती. तो कड्यावर उतरला तेव्हा दिवसाचा एक प्रहर संपत होता.

कड्याच्या कुशीत, कपारींच्या खाली, शाडूचे पटांगण होते आणि त्यात एक उंच सुळका. सकाळी सुळक्याची सावली लांब पडे आणि ऊन चढेल तशी आखडत जाई. ससाण्याने उतरताच सावलीच्या टोकावर एक गोल दगड ठेवायला लावला.

"तळे ते कडा, एक प्रहर," तो म्हणाला. "सावली या दगडावरून सरकायच्या आत जो येईल तो वेळेवर. नंतर येईल त्याने वाटेत काय केलं ते सांगावं."

सावली पाहून आरोळी देण्याचे काम टिटवीला मिळाले, कारण तिचा आवाज सगळ्या कपारींत पोहोचे. उशीर करणाऱ्यांना बघण्याचे काम खाटीक पक्ष्याला मिळाले. त्याच्या दोन्ही डोळ्यांवरून काळी पट्टी गेली होती, म्हणून त्याला सगळे पट्ट्या म्हणत. तो एरवी टोळ पकडून बाभळीच्या काट्यांवर टोचून ठेवी. पटांगणाच्या कडेला अशी एक बाभूळ होती.

पखुर्ड्यांमध्ये केरबा हा सगळ्यांत जाणता. त्याची बायको सगुणा तीन पिल्लांसह कड्याच्या पूर्वेकडच्या कपारीत राही. दगड ठेवल्यानंतर काही दिवसांनी वारा फिरला आणि नेहमीसारखा समोरून वाहू लागला. त्या दिवशी केरबाचा थवा आला तेव्हा सावली दगड सोडून कधीच सुळक्याजवळ गेली होती.

"उशीर," टिटवी ओरडली.

"वाटेत काय केलंस?" पट्ट्याने विचारले.

"उडलो," केरबा म्हणाला. "वारा समोरून होता."

"वाऱ्याला साक्षीला आण."

केरबाला वाटले हा थट्टा करतो आहे. पट्ट्याने त्याचा उजवा पंख ताणून धरला, एक लांब पीस मुळाशी पकडले आणि उपटले. मुळाला मांसाचा तुकडा आला. पट्ट्याने ते पीस बाभळीच्या काट्याला टोचले आणि पुढच्याचा पंख धरला. त्या सकाळी शंभरावर पिसे काट्यांवर गेली. पिल्लांनी त्या दिवशी पाणी प्यायले, पण छातीवरचे पाणी तांबूस होते.

उडण्याची पिसे गेलेले पाखरू हळू उडते. दुसऱ्या दिवशी थवा आणखी उशिरा आला आणि आणखी पिसे गेली. आठवड्याभरात म्हातारे पखुर्डे माळावर पडू लागले. मागून येणाऱ्यांना ते वरून दिसत. मिठावर उताणे पडलेले, पाय सोललेले, आणि छाती अजून ओली. खाली उतरून त्यांना उचलणे शक्य नव्हते. ससाण्याला हे कळले तेव्हा त्याने विचारले, "एका प्रहराच्या वाटेवर कुणी मरतं का?" एका प्रहराच्या वाटेवर खरोखरच कुणी मरत नाही.

केरबाचा धाकटा भाऊ लखू. त्याची दोन्ही पंखांची मिळून सहा पिसे गेली होती. एका सकाळी माळ लागताच तो पाठीमागे राहिला. त्याला पडलेले म्हातारे दिसत होते. त्याने उडता उडता छाती आवळली, अंग झाडले, आणि सगळे पाणी मिठावर सोडून दिले. हलका झाल्यावर तो थव्याच्या पुढे निघून गेला. सावली दगडावरून सरकली होती, पण अगदी थोडी. टिटवीला त्याची दया आली.

"वेळेवर," ती ओरडली.

पट्ट्याने सावली बघितली, लखूकडे बघितले, आणि त्याला जाऊ दिले. छाती बघण्याचे काम कुणालाच दिलेले नव्हते. ससाण्याने लखूला सगळ्यांसमोर बोलावून त्याचे कौतुक केले आणि त्याला पखुर्ड्यांचा मुकादम केले. "हा पोहोचतो," तो म्हणाला. "मग बाकीच्यांना काय धाड भरली आहे?"

लखू कपारींकडे न जाता पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिला. चार दिवसांत निम्मा थवा त्याच्यासारखा वेळेवर येऊ लागला. ते पिल्लांजवळ फिरकत नसत. आया कपारींतून वाट बघत राहत, टिटवीची 'वेळेवर' ही आरोळी ऐकत राहत, आणि पाणी येत नसे. केरबा आणि आणखी काहीजण पाणी घेऊन उशिरा येत, पण ते सगळ्यांना पुरणारे नव्हते. केरबा आपले पाणी पहिल्या कपारीपासून वाटत जाई, आणि सगुणाची कपार शेवटची होती.

सगुणाचे मधले पिल्लू भर दुपारी मेले. त्याने सकाळपासून चोच उघडी ठेवली होती. ती शेवटी मिटली नाही.

त्याच दुपारी एका मैनेने पटांगणावर बसलेल्या लखूच्या छातीला पंख लावून पाहिला. छाती कोरडी ठणठणीत होती. तिने मागे वळून इतर आयांकडे पाहिले.

त्या सगळ्या एकदम खाली आल्या. लखू उडाला असता, पण सहा पिसे नसलेल्या पाखराला जागेवरून झटकन उठता येत नाही. मैनांनी त्याचे पंख धरले. पारव्यासारख्या होल्यांनी, ज्यांना मुलखात सगळ्यांत गरीब समजत, त्याच्या मानेची कातडी फाडली. "कुठं प्यायलास?" एकजण विचारत होती. "कुठं ओतलंस?" लखू काहीतरी सांगत होता, पण त्याचे कुणी ऐकले नाही, आणि थोड्या वेळाने त्याला बोलता येईना. सगुणा उशिरा पोहोचली. तिने गर्दीत वाट काढली, समोर जो डोळा दिसला त्यात चोच घातली, आणि मग तो चेहरा ओळखला.

पट्ट्या बाभळीवर बसून बघत होता. पटांगणावर काय चालते हे त्याच्या कामात येत नव्हते.

केरबा अंगावरचे पाणी वाटून कपारीत आला तेव्हा सगुणा उरलेल्या दोन पिल्लांवर पंख पसरून बसली होती. तिची चोच अजून ओली होती.

"ही ओल पाण्याची आहे का?" केरबाने विचारले.

"नाही," सगुणा म्हणाली. "भावजींच्या रक्ताची आहे. त्यांचा डोळा मी फोडला. अहो, मला माहीत नव्हतं ते आहेत म्हणून. आणि माहीत असतं तरी मी थांबले असते का, ते मला सांगता येत नाही."

मेलेले पिल्लू कपारीच्या तोंडाशी ठेवले होते. केरबाने त्याची चोच मिटायचा प्रयत्न केला.

"लखूनं पाणी माळावर सांडलं," तो म्हणाला. "वेळेवर पोहोचायचं म्हणून."

"वेळ कुणी मागितली होती?" सगुणा म्हणाली.

केरबाने छाती तिच्या पिल्लांपुढे धरली. शेवटचे चार थेंब होते. पिल्लांनी ते प्यायले आणि मग कोरडी पिसे ओढू लागली.

लखूच्या मरणानंतर ससाण्याने दुसरा नियम केला. वेळेवर यायचे आणि ओले यायचे. कोरडा येईल त्याची मान, आणि उशिरा येईल त्याची पिसे. आता तळ्यावर पहिले ऊन पडताच पखुर्डे एकमेकांवर पडू लागले. जो आधी भिजेल तो आधी निघेल, म्हणून ते एकमेकांच्या पाठीवर चढत, पुढच्याची मान पाण्यात दाबत. एका सकाळी दोघेजण असेच बुडाले, आणि त्यांच्या अंगावर उभे राहून तिसऱ्याने छाती भिजवली. हे पखुर्डे एकाच कपारीत वाढलेले होते.

त्या सकाळी केरबा माळ ओलांडून आला आणि उशीर झाल्याची आरोळी ऐकून त्याने स्वतःच पंख पुढे केला. पट्ट्याने पीस उपटले. मग केरबा मागे न फिरता सरळ ससाण्याच्या बैठकीसमोर गेला. आया कपारींतून बघत होत्या.

"महाराज, अंतर पुन्हा मोजा."

"मी मोजलं आहे. माझ्या पंखांनी."

"तेव्हा वारा मागून होता आणि तुमच्या पंजात काही नव्हतं. आमच्या छातीवर जेवढं पाणी असतं तेवढा भार घ्या, आणि आत्ताच्या वाऱ्यात माझ्याबरोबर या. सावली दगडावर असताना तुम्ही पोहोचलात, तर माझी सगळी पिसं आणि मानही या बाभळीवर लावा."

ससाणा हसला असता, पण खाली सगळा कडा गप्प झाला होता आणि तो गप्पपणा त्याला आवडला नाही. शिवाय त्याला आपल्या वेगाबद्दल शंका नव्हती. आजवर कुठल्याही पाखराने त्याला मागे टाकले नव्हते.

"उद्या," तो म्हणाला.

दुपारी थवा तळ्याकडे परत निघाला तेव्हा ससाणा त्यांच्याबरोबर होता. सगुणाही होती. वाहणाऱ्यांत आता इतके थोडे उरले होते की बायकाही पाण्याला जाऊ लागल्या होत्या. तिने दोन्ही पिल्ले शेजारच्या होल्याच्या मादीकडे सोपवली. ती होली लखूला मारणाऱ्यांत होती. सगुणाने तो विषय काढला नाही आणि होलीनेही नाही.

सकाळी पहिले ऊन पडले. ससाण्याने ओल्या लव्हाळ्याची एक जुडी पंजांत पकडली. केरबाने छाती भिजवली. दोघे बरोबर उठले, आणि त्यांच्यामागून चाळीस पखुर्डे, त्यांत सगुणा.

सुरुवातीला ससाणा इतका पुढे गेला की ठिपक्याएवढा दिसू लागला. मग माळ सुरू झाला आणि समोरचा वारा लागला. ओली जुडी वाऱ्यात झोके घेऊ लागली, पंजे मागे ओढले जाऊ लागले. त्याला मधेच वर जाऊन खाली घसरत यायची सवय होती. ओझ्यासकट वर जाता येईना. केरबा एका चालीने उडत राहिला, पखुर्डे उडतात तसा. माळाच्या मध्यावर तो ससाण्याच्या बरोबरीला आला.

"कुठवर आलो?" ससाण्याने विचारले. त्याचा श्वास तुटत होता.

"निम्म्यावर, महाराज."

"आणि सावली?"

केरबाने सूर्याकडे बघितले. "आत्ता दगडावरून सरकत असेल."

खाली मिठावर काहीतरी पडलेले दिसत होते. ससाण्याने पहिल्यांदाच खाली नीट बघितले. एक नव्हते, पुष्कळ होते, आणि ते सगळे कड्याच्या दिशेला तोंड करून पडले होते.

"केरबा," काही वेळाने तो म्हणाला, "मी तुला मुकादम करतो. कोल्हे आज उशिरा हटले, म्हणून आपण उशिरा निघालो. असं दोघांनी सांगू."

"कोल्ह्यांचं आम्हीही सांगून बघितलं, महाराज. पट्ट्यानं कोल्ह्याला साक्षीला आणायला सांगितलं."

"तुझी पिसं पुन्हा कुणी उपटणार नाही."

"माझी नाही उपटणार. पण दगड तिथंच राहील ना?"

थोडे अंतर दोघे शेजारी शेजारी उडाले. मग ससाण्याने पंजे उघडले. लव्हाळ्याची जुडी फिरत फिरत खाली गेली. मोकळा झालेला ससाणा वर चढला, आणखी वर, सूर्याच्या बाजूला. केरबाने मान वळवून पाहिले आणि त्याला सगळे समजले. पण त्याच्या पंखांत आता वळण्यापुरतीही पिसे नव्हती. ससाण्याचा खरा वेग खाली येताना असतो.

मागच्या थव्याला आवाज ऐकू आला नाही. त्यांना आकाशात फक्त एक धुरकट ठिपका फुटलेला दिसला. थोड्या वेळाने ते तिथे पोहोचले तेव्हा मातीच्या रंगाची बारीक पिसे अजून हवेत तरंगत होती आणि त्यांतून उडत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. सगुणाच्या चोचीला एक ओले पीस चिकटले. तिने ते झटकले नाही. तिला खाली बघायचे होते, पण खाली बघणारे पाखरू हळू होते, आणि तिच्या छातीवर पाणी होते. ती कड्याकडे बघत उडत राहिली. कुणी रडले नाही. थव्यात एकमेकांना ढकलणे मात्र त्या जागेपासून थांबले. पुढच्याच्या पंखामागे मागचा, अशी एक ओळ लागली, आणि जो दमे तो मागे सरे व मागचा त्याच्या जागी येई.

कड्यावर त्या दिवशी सगळी मोठी पाखरे पटांगणावर जमली होती. सावलीने दगड केव्हाच सोडला होता. ससाणा एकटा येताना दिसला तेव्हा दगड आणि सावली यांच्यामधे मोराच्या पिसाऱ्याएवढी उन्हाची जमीन मोकळी पडली होती.

ससाणा उतरला. पंजे रिकामे होते आणि त्यांच्या नखांत मातकट पिसे अडकली होती. त्याचे पंख जमिनीला टेकले होते आणि उचलता येत नव्हते.

टिटवीने आरोळीसाठी चोच उघडली आणि ती तशीच ठेवली.

पट्ट्या बाभळीवरून खाली आला. इतक्या दिवसांच्या सवयीने तो उतरलेल्या पाखराकडे दोन पावले चालत गेला, आणि मग आपण कुणाकडे चाललो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. ससाणा त्याच्याकडे बघत होता. पट्ट्या वळला. दगडाजवळ गेला, त्याला छाती लावली आणि सुळक्याकडे लोटू लागला. दगड जड होता. मऊ शाडूत खोल चर पाडत तो सरकत गेला आणि सावलीच्या टोकाला जाऊन थांबला.

"वेळेवर," टिटवी म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्या कपारीपर्यंतही गेला नाही.

"केरबा माळावर दमून पडला," ससाण्याने सांगितले. "मी थांबलो असतो, तर मलाही उशीर झाला असता."

तेवढ्यात क्षितिजावर थवा दिसला. पट्ट्या घाईने दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याच चरातून तो परत मूळ जागी लोटून आणला. तो धापा टाकत बाजूला झाला तेव्हा पखुर्डे उतरत होते.

"उशीर," टिटवी म्हणाली.

पट्ट्या ओळीतल्या पहिल्या पाखराजवळ आला. ती सगुणा होती. "पंख," तो म्हणाला.

सगुणाने पंख पुढे केला नाही. ती दगडाकडे बघत होती आणि दगडापासून सुळक्याकडे गेलेल्या ताज्या चराकडे. चराच्या काठांवर पट्ट्याच्या छातीची पांढरी पिसे पडली होती. ती चालत तिथवर गेली, दगडाला टेकून चरात बसली आणि छाती जमिनीवर दाबली. पाणी सुटले. शाडू पाणी पटकन पीत नाही. ते चरातून हातभर पुढे गेले. तिच्यामागून दुसरा पखुर्डा आला, तिथेच बसला, आणि त्याने छाती दाबली. मग तिसरा. पाणी पुढे सरकत राहिले. चाळिसावा उठला तेव्हा ते चराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचून तिथे अडले.

उन्हात ती सरळ रेघ इतकी लखलखली की सगळ्यांत वरच्या कपारीतूनही तिची दोन्ही टोके दिसत होती.

"तो चर बुजवा," ससाणा म्हणाला.

पट्ट्याने पुन्हा दगडाला छाती लावली. पण कपारींतून पिल्ले खाली उतरली होती. मैनांची, होल्यांची, पखुर्ड्यांची पिल्ले धडपडत आली आणि चराच्या दोन्ही काठांवर, दगडापासून ते सुळक्याजवळच्या टोकापर्यंत, एकमेकांना खेटून माना खाली घालून पाणी पिऊ लागली. पट्ट्याच्या अगदी पायाशी बसलेल्या पिल्लाने चोच भरून मान वर केली आणि डोळे मिटून पाणी गिळले. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर नुकतीच एक कोवळी काळी पट्टी उमटू लागली होती.